पंक्तीबाहेरचे दोघे : वैद्य, नट आणि ऋणाचा प्रश्न

दानाची व्याख्या करताना धर्मशास्त्रकारांनी मोठी काटेकोर भाषा वापरली आहे. एखाद्या वस्तूवरील स्वतःचे स्वत्व, म्हणजे मालकी, सोडून देणे आणि त्याच वस्तूवर दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे म्हणजे दान, असे ते सांगतात. या व्याख्येत देणारा, घेणारा आणि वस्तू हे तिन्ही घटक स्वतंत्र मानलेले आहेत, आणि दिली जाणारी वस्तू मुळात देणाऱ्याचीच होती, याविषयी शंका घेण्याचे कारण कोणाला वाटलेले नाही. येथे मांडावयाचा प्रश्न नेमका या गृहीतकाविषयीचा आहे. जो वैद्य गरिबांना फुकट औषध देतो आणि त्याच हाताने नाटक मंडळीला आधार देतो, तो जे देतो ते मुळात त्याचेच असते काय?

हा प्रश्न ज्यांच्या चरित्रावरून विशेष ठळकपणे पुढे येतो, ते एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड होत. रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्यांचे मूळ नाव. जन्म गोव्यातील मांद्रे गावचा, शिक्षण मुंबईचे. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले आणि १८५१ साली तेथून जी पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली, तीत ते होते. आपले बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी धर्मार्थ दवाखाना चालवला, कडू कवठीच्या तेलाने कुष्ठरोगावर उपचार करण्याचे प्रयोग केले, आणि १८६९ व १८७१ अशी दोन वर्षे ते मुंबईचे शेरीफ होते. याच गृहस्थांनी सांगलीहून आलेल्या विष्णुदास भावे यांच्या नाटक मंडळीला मुंबईत पाठबळ दिले. जगन्नाथ शंकरशेट यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या ग्रँट रोडच्या नाटकगृहात १८५३ साली ‘राजा गोपीचंद’ या आख्यानाचा हिंदुस्थानी भाषेत प्रयोग झाला, त्याच्याशीही त्यांचे नाव निगडित आहे. आणि त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या पारशी नाटक मंडळीच्या व्यवस्थापकांत दादाभाई नवरोजींबरोबर त्यांचे नाव आढळते.

चरित्रकार या दोन कामांची सहसा दोन खाती करतात. दवाखाना परोपकाराच्या खाती जमा होतो, नाटकाचा आश्रय रसिकतेच्या. या विभागणीला जुन्या शास्त्राचाही आधार सापडतो. यज्ञयागादी कर्म म्हणजे ‘इष्ट’ आणि विहिरी, तळी, धर्मशाळा, अन्नछत्रे अशी लोकोपयोगी कामे म्हणजे ‘पूर्त’, अशी धर्मकृत्यांची जी जोडी सांगितली जाते, तिच्यातील पूर्तात आरोग्यशाळेला मानाचे स्थान आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीने आपल्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथाच्या दानखंडात आरोग्यदानाची पुराणवचने एकत्र केली आहेत. आणि तोच हेमाद्री वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’चा टीकाकारही होता, हे येथे मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. नाटकशाळेच्या वाट्याला असा गौरव क्वचितच आला. कौटिल्याने तर नव्याने वसवलेल्या गावांत नटनर्तकांच्या रंगशाळा नसाव्यात असे बजावले आहे, कारण त्यांच्यामुळे शेतकऱ्यांच्या कामात खंड पडतो. पोट आधी, करमणूक मागून, हा युक्तिवाद आजही देणग्यांच्या बैठकीत ऐकू येतो, आणि त्यात तथ्य नाही असे कोणी प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. मात्र हा युक्तिवाद स्वीकारला म्हणजे भाऊ दाजींच्या अर्ध्या आयुष्याला छंद म्हणावे लागते.

या दोन खात्यांखाली एकच मूळ असू शकेल, अशी शंका येण्यास जागा मिळते ती एका अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे मनुस्मृतीत. श्राद्धाच्या पंक्तीला कोणाला बसवू नये याची जी लांबलचक यादी तिसऱ्या अध्यायात आहे, तिच्यात चिकित्सक, म्हणजे वैद्य, येतो, आणि अवघ्या तीन श्लोकांनंतर कुशीलव, म्हणजे नटगायक, येतो. चौथ्या अध्यायात ज्यांचे अन्न खाऊ नये असे लोक सांगितले आहेत. तेथेही वैद्य आणि शैलूष, हाही नटालाच लावलेला शब्द, एकमेकांपासून फार दूर नाहीत. ज्या दोन व्यवसायांना आजचा समाज अगदी वेगळ्या पायऱ्यांवर उभे करतो, त्यांना स्मृतिकाराने पंक्तीबाहेर एकाच उंबरठ्यावर बसवले आहे, आणि हा केवळ यादी लांबवण्याचा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

वैद्याच्या बाबतीत या बहिष्काराचे कारण वेदांतच सापडते. तैत्तिरीय संहितेतील एका आख्यायिकेनुसार यज्ञाचे मस्तक तुटले तेव्हा देवांनी अश्विनीकुमारांना ते जोडण्याची विनंती केली, आणि त्यांनी त्या मोबदल्यात सोमाचा एक वाटा मागितला. तेव्हा देवांची अडचण अशी झाली की हे दोघे वैद्य असून माणसांमध्ये वावरतात, म्हणून ते अशुद्ध आहेत. अखेर मंत्राने त्यांची शुद्धी करून त्यांना वाटा दिला गेला, पण त्याच ठिकाणी ब्राह्मणाने वैद्यकी करू नये असा निषेधही नोंदवला गेला. महाभारताच्या वनपर्वात च्यवन ऋषी अश्विनांना सोम देऊ लागतात आणि इंद्र वज्र उगारतो, ती कथाही याच जातीची आहे. दोन्ही कथांत वैद्यांना त्यांचा वाटा शेवटी मिळतो, परंतु तो भांडून मिळवावा लागतो. त्यांचा दोष एवढाच, की ते सर्वांच्या अंगाला हात लावतात. रक्त, पू, मळ, प्रेत यांच्यापासून दूर राहणे ज्या व्यवस्थेत शुद्धीचे लक्षण ठरते, त्या व्यवस्थेत वैद्य कायमचाच अपराधी असतो. पंडित मधुसूदन गुप्त यांनी १८३६ साली कलकत्त्यात प्रेताचे विच्छेदन केले तेव्हा जे मोडले गेले, ते हेच अंतर होते. आणि पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकड्यांतील हिंदू विद्यार्थ्यांनाही त्याच टेबलाशी उभे राहावे लागले.

नटाच्या पतनाची कथा त्याच्या स्वतःच्या शास्त्रात आहे. नाट्य हा पाचवा वेद असून तो सर्व वर्णांसाठी निर्माण झाला, दुःखाने, श्रमाने आणि शोकाने पीडलेल्यांना तो विश्रांती देतो, असा गौरव भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात आहे. त्याच ग्रंथाच्या अखेरीस मात्र भरतपुत्रांनी ऋषींची नक्कल करून त्यांची टवाळी केली आणि ऋषींच्या शापाने त्यांचा वंश हीन ठरला, असे सांगितले आहे. वैद्य दुसऱ्याच्या देहात हात घालतो आणि नट दुसऱ्याचा देह, दुसऱ्याचा स्वर, दुसऱ्याचे रडणे स्वतःच्या अंगावर घेतो. दोघेही स्वतःची आणि परक्याची हद्द पाळत नाहीत, आणि हद्द पाळणे हाच ज्यांच्या आचाराचा कणा आहे, त्यांना हे दोघेही सारखेच धोकादायक वाटावेत यात नवल नाही.

मनूने पुढे जाऊन वैद्याचे अन्न पुवासारखे असते असे म्हटले आहे. हे वचन वाचताना संताप येणे स्वाभाविक आहे, आणि तो संताप रास्तही आहे, कारण दुःखिताला स्पर्श करणाऱ्यालाच येथे घाण ठरवले आहे. तरीसुद्धा या कठोर शब्दाखाली एक खरी गोष्ट दडलेली आहे. वैद्याच्या ताटातील भात दुसऱ्याच्या जखमेतून आलेला असतो. लोक आजारी पडले नाहीत तर वैद्याची चूल पेटत नाही; तसेच लोकांच्या वाट्याला वियोग, अपमान आणि मृत्यू आला नसता तर नटाजवळ करायला काही राहिले नसते. स्मृतिकाराला ही गोष्ट दिसली, पण तिच्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष चुकला. दुसऱ्याच्या वेदनेवर ज्याचे पोट चालते तो अपवित्र होत नाही. तो ऋणी होतो. अपवित्र माणसाला दूर बसवता येते, ऋणी माणसाला मात्र दूर बसवून भागत नाही, कारण त्याला परतफेडीसाठी त्याच लोकांत पुन्हा जावे लागते.

वैद्यकाच्या परंपरेने हे ऋण ओळखले होते, असे चरकसंहिता वाचताना जाणवते. पैशासाठी चिकित्सेचा बाजार मांडणारा सोन्याची रास सोडून धुळीचा ढीग पदरात घेतो, अशा अर्थाचे वचन त्या ग्रंथात आहे, आणि वैद्याच्या वृत्तीचे चार भाग सांगताना मैत्री व आर्तांविषयीची करुणा यांना पहिले स्थान दिले आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याहून मोलाचा आहे तो सूत्रस्थानातील पंधरावा अध्याय. शोधनचिकित्सेसाठी, म्हणजे वमन-विरेचनासारख्या उपचारांसाठी, रुग्णाकरिता घर कसे सिद्ध करावे हे तेथे बारकाईने सांगितले आहे. घर भक्कम असावे, वाऱ्याचा झोत अंगावर येऊ नये पण एका बाजूने हवा खेळती असावी, मोकळेपणाने चालता यावे, धूर, ऊन आणि धूळ यांचा त्रास नसावा. पाण्याची सोय, उखळ-मुसळ, शौचकूप, न्हाणीघर, स्वयंपाकघर असावे. मग माणसे येतात : स्वयंपाकी, न्हाऊ घालणारे, अंग रगडणारे, उठवून बसवणारे, औषध कुटणारे. आणि याच यादीत, पगडी बदलल्याचा कसलाही आविर्भाव न करता, गाणे, वाजवणे, श्लोक, गाथा, आख्यायिका, इतिहास आणि पुराणे यांत कुशल असलेली माणसे ठेवावीत असे सांगितले आहे. शेजारी शांत स्वभावाची, वासरू जिवंत असलेली दुभती गाय बांधायची आहे. म्हणजे ज्या घरात मोरी आणि उखळ आहे त्याच घरात गायकही आहे, आणि त्याची गरज गाईच्या दुधाइतकीच ठरीव आहे. भाऊ दाजींनी शहराच्या प्रमाणावर जे केले त्याचा नकाशा या एका खोलीत पाहायला मिळतो. एकाच बाजूचा खर्च छंद म्हणून वगळायचा झाला, तर चरकाच्या खोलीतून गवयाला उठवून लावावे लागेल.

आता दानाच्या प्रश्नाकडे वळता येईल. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे जे लक्षण दिले आहे, त्यात घेणारा ‘अनुपकारी’ असावा अशी अट आहे, म्हणजे त्याने देणाऱ्यावर पूर्वी उपकार केलेला नसावा आणि पुढेही त्याच्याकडून फेडीची अपेक्षा नसावी. या अटीमागचा हेतू उदात्त आहे. देवघेवीचा सौदा दानात शिरू नये, हाच तो हेतू. पण ही अट वैद्याला लावून पाहिली म्हणजे ती अवघड होऊन बसते. वैद्य ज्या गरिबाला मोफत औषध देतो तो खरोखर अनुपकारी असतो काय? सार्वजनिक रुग्णालयातील ज्या खाटांवर तरुण डॉक्टर नाडी धरायला, फोड चिरायला, चुकायला आणि चुकीतून सुधारायला शिकतो, त्या खाटांवर बहुतेक गरीबच असतात. विच्छेदनाच्या टेबलावरील बेवारस देहही बहुधा त्यांच्यापैकीच कोणाचा तरी असतो. त्यांनी आपले शरीर आधी दिले, डॉक्टरची विद्या नंतर आली. तेव्हा पुढे त्याने लावलेला धर्मार्थ दवाखाना हे गीतेच्या व्याख्येतील सात्त्विक दान ठरत नाही, कारण घेणाऱ्याचा उपकार अगोदरच होऊन गेलेला असतो. त्यामुळे त्या दवाखान्याचे मोल कमी होत नाही. उलट देणाऱ्याची मान थोडी खाली येते आणि घेणाऱ्याची थोडी वर, आणि या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत.

नटाच्या बाबतीतली याच विचाराची बाजू एका अर्वाचीन उदाहरणावरून स्पष्ट होते. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. १९६९ साली ते पूर्ण वेळ रंगभूमीवर आले आणि पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ रंगमंचावर उभे राहिले. ईश्वराची कल्पना माणसाने आता निवृत्त करावी, असे ते जाहीरपणे मांडत, त्यामुळे पुण्यसंचयासाठी दान हा हेतू त्यांच्या बाबतीत संभवतच नाही. त्यांनी डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर, निळू फुले आदी सहकाऱ्यांसह ज्या निधीसाठी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले, त्याचे नाव ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ असे ठेवले गेले. समाजासाठी पूर्ण वेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देणे हा त्या निधीचा उद्देश. नावातला ‘कृतज्ञता’ हा शब्द येथे फार महत्त्वाचा आहे, कारण त्याने दानाचे व्याकरणच उलटे केले : देणारा उपकार करत नाही, तो झालेल्या उपकाराची आठवण ठेवतो. लागूंनी आपल्या आत्मचरित्राला ‘लमाण’ हे नाव दिले. लमाण म्हणजे बैलांच्या पाठीवरून दुसऱ्याचा माल गावोगाव नेणारा व्यापारी तांड्याचा माणूस. पाठीवरचा माल आपला नाही, हे ज्याला पक्के माहीत आहे, त्याला तो वाटून टाकताना दातृत्वाचा आव आणता येत नाही. ईश्वर मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या दोघांनाही जेथे भेटता येईल अशी ही जागा आहे, आणि धर्मचिंतनाने तिची दखल घ्यायला हवी.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. नाटकात रडलेला प्रेक्षक घरी जाऊन जेवतो आणि झोपतो. करुण रस आणि करुणा या दोन भिन्न वस्तू आहेत. साहित्यशास्त्रही हे नाकारत नाही. भट्टनायकाने सांगितलेले ‘साधारणीकरण’, म्हणजे रंगमंचावरील दुःख अमक्या व्यक्तीचे न राहता सर्वांचे होणे, हे घडते तेच मुळी प्रेक्षकाचा त्या व्यक्तीशी असलेला व्यवहार सुटल्यामुळे. म्हणून रसास्वादाने माणूस आपोआप दानशूर होतो असा दावा कोणी करू नये. मात्र साधारणीकरणाने एक गोष्ट नक्की होते : परक्याचे दुःख परके आहे ही समजूत तेवढ्यापुरती तरी गळून पडते. भावे यांच्या मंडळीशी ज्या गोपीचंदाचे आख्यान जोडले गेले, त्याची नाथपरंपरेतील कथा या दृष्टीने पाहावी. राजा गोपीचंद स्नानाला बसला आहे, त्याच्या देखण्या अंगाला सुगंधी द्रव्ये लावली जात आहेत, आणि वर माडीत उभी असलेली त्याची आई मैनावती त्याच्याकडे पाहत असताना तिच्या डोळ्यांतून एक थेंब खाली त्याच्या अंगावर पडतो. तो थेंब ऊन लागतो म्हणून राजा वर पाहतो. इतके सुंदर शरीरही बापाच्या शरीरासारखे मातीस मिळणार, या विचाराने ती रडत असते. सुगंधी पाण्यात बसलेल्या माणसाला एका वेगळ्या उष्णतेचा थेंब ओळखू यावा, यात रंगभूमीचे सारे काम आले. राजाने पुढे काय करायचे ते राजाच्या हाती. पण थेंब जाणवलाच नाही तर पुढचे काहीच घडत नाही.

जाणवणे हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. भाऊ दाजींनी ज्या रोगावर आपली उमेद खर्ची घातली, तो कुष्ठरोग मज्जातंतूंना पोखरतो. हाताची बोटे वाकडी होतात, त्वचेला स्पर्श कळेनासा होतो, आणि चुलीवरचे भांडे उचलताना बोट भाजले तरी ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय समजत नाही. त्यांच्या काळी या रोगावर खात्रीचा इलाज नव्हता. कडू कवठीच्या कुळातील तेलेच विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, सल्फोन गटातील औषधे येईपर्यंत, जगभर वापरात राहिली. रोग्याच्या त्वचेची संवेदना जाते तेव्हा समाजही त्याला स्पर्श करणे सोडतो, आणि ही दुसरी बधिरता कोणत्याही तेलाने बरी होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी वसवलेल्या आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा केला, त्यात कुष्ठमुक्त, अंध आणि अपंग कलाकार गातात, वाजवतात, नाचतात. औषधाने रोग गेला होता, तरीही रंगमंचाची गरज उरली होती, आणि ती एका डॉक्टरनेच ओळखली. शिवाय येथे कलाकार हा दानाचा विषय राहत नाही. तिकीट काढून समोर बसलेला प्रेक्षक घेणारा होतो. दात्याला घेणाऱ्याच्या खुर्चीत बसवणे ही किमया ज्या सेवाकार्यात साधते, ते इतर सेवाकार्यांहून वरच्या पायरीचे मानले पाहिजे.

ऋणाचा विचार भारतीय परंपरेत सर्वांत रुंद अर्थाने मांडला आहे तो शतपथ ब्राह्मणात. तैत्तिरीय संहिता ब्राह्मणाची तीन ऋणे सांगते : ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ मात्र जो कोणी अस्तित्वात आहे तो ऋण होऊनच जन्मतो असे म्हणून या तिन्हींना चौथे ऋण जोडते, ते मनुष्यांचे, आणि माणसांना आसरा व अन्न देऊन ते फेडावे असे सांगते. भाऊ दाजींनी अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेख वाचले, कालिदासाविषयी निबंध लिहिला, जुनी हस्तलिखिते जमवली, हे ऋषिऋण झाले. दवाखाना आणि नाटकशाळा ही मनुष्यऋणाच्या फेडीची दोन रूपे झाली, कारण माणसाला नुसत्या भाकरीचा आणि औषधाचा आसरा पुरत नाही. त्यांचे निधन ३१ मे १८७४ रोजी झाले. भायखळ्याच्या ज्या वस्तुसंग्रहालयासाठी ते झटले होते, त्याला १९७५ साली त्यांचे नाव देण्यात आले. मनूच्या यादीने या माणसाला वैद्य म्हणून एकदा आणि नटांचा सोबती म्हणून दुसऱ्यांदा पंक्तीबाहेर बसवले असते. शतपथ ब्राह्मण ऋणे फेडणाऱ्याला ‘कृतकर्मा’, म्हणजे ज्याने आपले काम पुरे केले तो, असे म्हणते, आणि भाऊ दाजी लाड यांच्याविषयी परंपरेचा जो निवाडा मान्य करावा तो हाच होय.